मैदान सोडल्यावरचं पहिलं वर्ष: मुंबईच्या फुटबॉलपटूंसाठी

फुटबॉलपटूचा दिवस दुसऱ्याच्या शिट्टीवर चालतो. किती वाजता उठायचं, किती धावायचं, काय खायचं, कधी झोपायचं, हे कोच, फिजिओ आणि फिक्स्चर ठरवतात. पंधरा-वीस वर्षं असं चालतं आणि मग एका मोसमानंतर क्लबचा फोन येत नाही. पुढच्या दोन वर्षांत वाढणारं वजन, कुरकुरणारा गुडघा, आटणारा पैसा आणि घरातली चिडचिड यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: जुनं वेळापत्रक गेलं आणि त्याच्या जागी नवं कोणी बसवलं नाही. ते नवं वेळापत्रक कसं बसवायचं, तेवढंच इथे सांगायचं आहे. हे व्यावसायिक खेळाडूंना लागू आहे, कंपनीच्या किंवा बँकेच्या टीमकडून खेळणाऱ्यांना लागू आहे, आणि वीस वर्षं मुंबईच्या डिव्हिजन लीगमध्ये खेळून आता थांबणाऱ्यांनाही.

शेवटचा मोसम चालू असतानाच

काही कामं थांबल्यावर होत नाहीत, झाली तरी महाग पडतात. त्यात पहिलं आरोग्य विमा. क्लबचा किंवा कंपनीचा विमा करार संपला की संपतो. स्वतःच्या नावाची पॉलिसी घेताना जुन्या दुखापतीसाठी प्रतीक्षाकाळ लागतो. २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. खेळत असतानाच पॉलिसी घेतली तर हा काळ मैदानावरच सरतो. अर्जात गुडघ्याचं ऑपरेशन लपवू नका. लपवलेली शस्त्रक्रिया पुढे दाव्याच्या वेळी निघते आणि मग सगळा दावाच नाकारला जातो.

दुसरं काम वैद्यकीय कागदांचं. एमआरआयचा रिपोर्ट सगळे ठेवतात, पण खरी गरज लागते ती ऑपरेशन नोटची. लिगामेंट कशापासून बनवलं (मांडीच्या मागच्या शिरेपासून की वाटीखालच्या), स्क्रू कोणत्या धातूचा, गुडघ्यातल्या गादीचा (मेनिस्कसचा) किती भाग कापला, हे त्यात लिहिलेलं असतं. पंधरा वर्षांनी दुसरा सर्जन गुडघा पाहील तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारील. हॉस्पिटलं जुन्या फाइली कायम ठेवत नाहीत. ज्या क्लबमध्ये असताना ऑपरेशन झालं तो क्लबही टिकेलच असं नाही. मुंबईत महिंद्रा युनायटेडसारखा मोठा संघ २०१० मध्ये बंद झाला.

तिसरं काम क्रीडा प्रमाणपत्रांचं. ते नोकरीच्या भागात सविस्तर येईल. पण प्रमाणपत्रं संघटनेकडून मिळवायची असतील तर ती खेळत असताना मागा. मॅनेजर रोज भेटतो तोवर सही लवकर मिळते.

शरीर: उतरायचं तेही पायरी पायरीने

अचानक थांबणं ही सर्वांत मोठी चूक. दम दोन-तीन आठवड्यांतच कमी व्हायला लागतो, मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो, आणि आजवर त्याच्या जोरावर निभावून नेलेला गुडघा उघडा पडतो. भूक मात्र तशीच राहते. एका मॅचमध्ये साधारण हजार ते पंधराशे कॅलरी जळतात. रोज पाचशे कॅलरी शिल्लक राहिल्या तर कागदावरच्या हिशेबाने पंधरा दिवसांत किलोभर वजन वाढतं. आणि गुडघ्याला किलोचा भार एकपट जात नाही. वजन एक किलो घटलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने घटतो, असं गुडघा झिजलेल्या लोकांवरच्या अभ्यासात दिसलेलं आहे. वाढलेल्या पाच किलोंचा हिशेब यावरून करा, आणि मग दादरच्या पुलाच्या पायऱ्या मोजा.

मोसम संपल्यावर दोन आठवडे पूर्ण विश्रांती घ्या. त्यानंतरचे चार आठवडे सरावाच्या तीन-चतुर्थांश वेळ, पुढचे चार आठवडे निम्मा वेळ. तिसऱ्या महिन्यात कायमचं वेळापत्रक: आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं जलद चालणं, सायकल किंवा पोहणं, आणि दोन दिवस पस्तीस मिनिटं ताकदीचे व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. तीन वेळा चाळीस म्हणजे १२०, उरलेली तीस मिनिटं स्टेशनपर्यंत चालत जाण्यात निघतात. माजी खेळाडूला हे फार कमी वाटतं आणि म्हणूनच तो ते करत नाही. "एवढ्याने काय होणार" म्हणून शून्यावर येणारे आणि रविवारी एकदम नव्वद मिनिटं खेळून पोटरी फाडून घेणारे एकच असतात.

धावायचंच असेल तर जागा बघून धावा. मरीन ड्राइव्हची फरशी कडक आहे, तिथे चालणं बरं. शिवाजी पार्कच्या आतली माती गुडघ्याला मऊ पडते. जुहूच्या वाळूवर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट पट्ट्यावर धावा आणि परतताना त्याच पट्ट्यावरून या. किनारा समुद्राकडे उतरता असतो, एकाच दिशेने धावलात तर एका पायाच्या घोट्यावर आणि कमरेवर सगळा ताण येतो.

गुडघा घरच्या घरी असा तपासा. जमिनीवर पाय लांब करून बसा, मांडी सैल सोडा. वाटीच्या आतल्या बाजूला जो खोलगट भाग असतो तिथे तळहात ठेवून खालून वर, मांडीकडे, दोन-तीनदा हळू दाबत न्या. मग लगेच बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदाच हात फिरवा आणि आतल्या खोलगट भागाकडे बघत राहा. तिथे लहानशी लाट आल्यासारखा फुगवटा उठला तर सांध्यात पाणी आहे. दुखत नसलं तरी पाणी म्हणजे सांधा रागावलेला आहे. त्या आठवड्यात धावणं बंद, सायकल चालेल. पंधरा दिवस पाणी टिकलं तर फिजिओ किंवा अस्थितज्ज्ञ.

दुसरी तपासणी टेपची. वाटीच्या वरच्या कडेपासून पंधरा सेंटिमीटर वर पेनाने खूण करा, दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो पाय अजून जुन्या दुखापतीतून बाहेर आलेला नाही, मग ऑपरेशनला दहा वर्षं झालेली असोत. तिसरी तपासणी खुर्चीची: साध्या जेवणाच्या खुर्चीवर बसा, हात छातीवर बांधा, एका पायावर उठा आणि हळू बसा. दोन्ही पायांनी दहा-दहा जमायला हवेत. उठताना गुडघा आत झुकत असेल तर आकडा मोजू नका, आधी दोन पायांवर उठण्याचा सराव करा. महिला खेळाडूंनी याकडे जास्त लक्ष द्यावं. मुलींमध्ये गुडघ्यातलं क्रुशिएट लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलांच्या दोन ते तीन पट असतं, आणि गुडघा आत झुकणं हे त्यातलं एक कारण मानलं जातं.

पोटरी आणि टाचेमागची शीर, म्हणजे अकिलिस, तिशीनंतर सर्वांत जास्त दगा देते. तिचा व्यायाम चाळीच्या जिन्यावर होतो, जिम लागत नाही. सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहा, चवडा कडेवर, टाच हवेत. दोन बोटं भिंतीला, फक्त तोल जाऊ नये म्हणून. दोन्ही पायांनी वर चढा, मग एक पाय उचला आणि दुसऱ्याची टाच तीन सेकंद घेत पायरीच्या पातळीखाली न्या. पुन्हा दोन्ही पायांनी वर. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन संच, गुडघा किंचित वाकवून पंधराचे तीन संच, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. पहिले काही दिवस पोटरी भरून येते, ते चालेल. शीर टाचेच्या हाडाला चिकटते त्या जागी टोचल्यासारखं दुखत असेल तर पायरी सोडा आणि सपाट जमिनीवर करा. तिथे टाच खाली जात नाही, म्हणून शीर हाडावर दाबली जात नाही.

मॅचआधी डायक्लोफेनॅक घेण्याची सवय असेल तर ती मैदानाबरोबरच सोडा. वर्षानुवर्षं वेदनाशामक घेतलेल्यांनी क्रिएटिनिन तपासून घ्यावं, कारण त्याचा फटका मूत्रपिंडाला आणि जठराला बसतो. त्याच रक्तात उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) होतं. सोबत रक्तदाब आणि एक ईसीजी. एचबीए१सी ५.७ ते ६.४ च्या दरम्यान आलं तर ती मधुमेहाची वेस आहे. पोटाचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या आत हवा. भारतीयांसाठी मर्यादा याच आहेत, टीव्हीवरच्या युरोपियन माजी खेळाडूंशी तुलना करू नका.

ग्लासगो विद्यापीठाने २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना तेवढ्याच वयाच्या सामान्य लोकांशी केली. हृदयविकाराने होणारे मृत्यू खेळाडूंमध्ये कमी निघाले. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांमुळे होणारे मृत्यू मात्र साधारण साडेतीन पट. म्हणजे आयुष्यभर धावल्याचा फायदा खरा आहे आणि डोक्याला बसलेल्या धक्क्यांची किंमतही खरी आहे. म्हणून यापुढे मैत्रीच्या सामन्यात हेडिंग नको. डोक्याला मार बसला तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही, गरगरत नसलं तरी.

जेवणाबद्दल थोडक्यात. भात-चपाती अर्धी करा, डाळ, उसळ, अंडी, बांगडा तसेच ठेवा. प्रथिनं कमी केली तर वजन उतरतं पण स्नायूच जातो. सरावानंतर लागायची ती केळी, ग्लुकोजचं पाणी, वडापाव यांचं कारण आता उरलेलं नाही. संध्याकाळी सात वाजता जी भूक लागते ती बहुधा सवयीची असते. तेव्हा चणे, ताक किंवा काकडी खाऊन बघा आणि नऊला नीट जेवा.

नोकरी

मुंबईत एके काळी फुटबॉल आणि नोकरी एकत्रच मिळायची. मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स, रेल्वे, एअर इंडिया, बँका, आरसीएफ यांच्या टीममध्ये जागा म्हणजे हजेरीपटावर जागा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा आपल्या मुंबईचा नेव्हिल डिसूझा टाटांच्या संघाकडून खेळला, तो याच काळातला. आता क्लबशी करार असतो आणि करार संपला की काहीच नसतं. दोन्ही प्रकारच्या खेळाडूंच्या अडचणी वेगळ्या आहेत.

नोकरी आहे त्यांची अडचण खुर्चीची. वर्षानुवर्षं सही करून दुपारी मैदानावर गेलेला माणूस पस्तिसाव्या वर्षी पूर्ण दिवस टेबलावर बसतो, तेव्हा शेजारचा पंचवीस वर्षांचा क्लार्क त्याच्यापेक्षा काम जास्त जाणतो. हे फार बोचतं. उपाय शेवटच्या दोन मोसमांत सुरू करायचा. मॅच नसते तो दिवस ऑफिसात पूर्ण द्या. एकच टेबल निवडा (आवक-जावक, पगारपत्रक, भांडार, काहीही) आणि ते पक्कं शिका. खात्याच्या परीक्षा असतील तर खेळत असतानाच द्या, बढती तिथेच अडते. मराठी टायपिंगची मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा आणि एमएस-सीआयटी नसेल तर तेही. वरिष्ठांना जाऊन "मी आता खेळत नाही, मला काम द्या" हे स्वतः सांगा. सांगितलं नाही तर खेळाडू म्हणून आपल्याला कोपऱ्यातलं टेबल मिळतं आणि निवृत्तीपर्यंत तेच राहतं.

नोकरी नाही त्यांच्यासाठी राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, वयातही सवलत आहे. कोणत्या स्तरावरची स्पर्धा आणि कितवा क्रमांक, यावर कोणत्या गटाच्या पदासाठी पात्र हे ठरतं. इथे बहुतेक अर्ज एकाच ठिकाणी पडतात असं म्हणावंसं वाटतं: प्रमाणपत्राची पडताळणी. ती क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या विभागीय उपसंचालकांकडे होते. जाहिरात आल्यावर पडताळणीला धावलात तर मुदत निघून जाते. प्रमाणपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आज बघा. संघटनेच्या यादीत "राजू" आणि दहावीत "राजेंद्र" असेल तर ते दुरुस्त करायला महिने जातात. स्पर्धेचा अधिकृत निकाल, संघाची यादी, आणि संघटनेचं स्पर्धा मान्यताप्राप्त असल्याचं पत्र, हे तिन्ही मूळ प्रमाणपत्राच्या मागे लावून ठेवा. लॅमिनेशन करू नका, मागचा शिक्का वाचता येत नाही.

कोच व्हायचं असेल तर

चांगला खेळाडू आपोआप चांगला कोच होतो ही समजूत मुंबईच्या मैदानांवर रोज खोटी ठरते. बालपणापासून जे पायाने केलं ते तोंडाने सांगता येत नाही, कारण ते कधी शब्दांत शिकलेलंच नसतं.

आधी लायसन्स. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची शिडी ई पासून सुरू होते, मग डी, पुढे आशियाई कॉन्फेडरेशनचे सी, बी, ए आणि प्रो. महाराष्ट्रात राज्य पातळीचे कोर्स वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडून होतात. माजी खेळाडू लेखी परीक्षेला घाबरतात, अडकतात मात्र मैदानावरच्या सत्रात. कारणं ठरलेली: खेळ थांबवायचा तेव्हा थांबवत नाहीत, थांबवला तर दोन मिनिटं भाषण देतात, आणि करून दाखवताना स्वतःच खेळायला लागतात. कोर्सला जायच्या आधी एखाद्या शाळेच्या टीमबरोबर सहा महिने फुकट काम करा. एक सत्र मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि घड्याळ लावून बघा, एकूण किती मिनिटं आपण बोललो. साठ मिनिटांत आठपेक्षा जास्त निघाली तर पुढच्या वेळी कमी करा.

दहा वर्षांखालच्या मुलांचं एक सत्र असं बसतं. चेंडू चार नंबरचा (आठ वर्षांखालच्यांना तीन, तेराच्या पुढे पाच). बारा मुलांना निदान सहा चेंडू. पहिली दहा मिनिटं प्रत्येकाने आळीपाळीने चेंडू घेऊन चौकोनात फिरणं. मग वीस मिनिटं एक कौशल्य. मग पंचवीस मिनिटं चारास चार, साधारण तीस बाय वीस मीटरच्या जागेत, छोटे गोल, गोलकीपर नाही. उरलेली पाच मिनिटं पाणी आणि आवराआवर. चार-चारचे तीन संघ होतात, त्यातला एक संघ बाहेर बसतो. त्या संघाला बाजूला दोन चेंडू द्या, बसवून ठेवू नका.

रांग लावू नका, हे फार महत्त्वाचं. बारा मुलं एका रांगेत, एक चेंडू, प्रत्येकाला पंधरा सेकंद. वीस मिनिटांत एकूण ऐंशी पाळ्या होतात, म्हणजे एका मुलाला सहा-सात. तीच मुलं तिघांच्या चार गटांत वाटली तर प्रत्येकाला सव्वीसच्या पुढे. मूल मैदानावरून कंटाळून जातं की हसत जातं, ते बरंचसं या आकड्यावर ठरतं.

मैदान कोणाच्या ताब्यात आहे ते विचारल्याशिवाय एकही पालकाचा पैसा घेऊ नका. मुंबईत एकाच मैदानाचे महापालिका, जिमखाना, ट्रस्ट किंवा शाळा असे मालक असतात. तोंडी परवानगी पहिल्या तक्रारीला उडते. कागदावर वार, वेळ, कोपरा आणि भाडं लिहून घ्या. स्वतःचं पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र काढा, मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं असू द्या, एकट्या मुलाला गाडीवरून घरी सोडू नका. प्रत्येक पालकाचा नंबर आणि सर्वांत जवळच्या हॉस्पिटलचा रस्ता खिशात हवा. मे आणि ऑक्टोबरमध्ये दर पंधरा मिनिटांनी पाणी. कृत्रिम टर्फ दुपारी मातीच्या मैदानापेक्षा खूपच तापतो, म्हणून त्यावर दुपारी सत्र ठेवू नका.

रेफरी होणं हा कमी विचारात घेतला जाणारा पण सुंदर मार्ग आहे. नियम सतरा आहेत आणि खेळाडूला त्यातले निम्मेच येतात, हे परीक्षेच्या पहिल्या दिवशी कळतं. फिफाच्या शारीरिक चाचणीचा साचा म्हणजे चाळीस मीटरच्या सहा जोरदार धावा, आणि नंतर ७५ मीटर धावणं, २५ मीटर चालणं असं चाळीस वेळा. स्थानिक पातळीवर ती सौम्य असते, पण तयारी याच साच्याने करा. शरीर टिकवायला एक कारण मिळतं आणि मैदानही सुटत नाही.

टर्फ भाड्याने देण्याचा धंदा दुरून सोपा दिसतो. डिपॉझिट, दिवे, जाळी, सोसायटीच्या आवाजाच्या तक्रारी, आणि काही वर्षांनी गवत पूर्ण बदलण्याचा खर्च. आयुष्याची सगळी बचत यात घालू नका. भागीदारी घ्या, आणि गवत बदलण्यासाठी पहिल्या महिन्यापासून वेगळी रक्कम बाजूला काढा.

पैसा

आधी महिन्याचा खरा खर्च काढा. आठवणीतून काढू नका, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेऊन बसा. बारा महिन्यांचा खर्च मुदत ठेवीत, मोडता येईल अशा, बाजूला ठेवा. शिल्लक सहा लाख आणि खर्च चाळीस हजार असेल तर हातात पंधरा महिने आहेत. गाडी आणि नातेवाइकाचा धंदा या दोन गोष्टींसाठी त्या पंधरांतला एकही महिना देऊ नका.

भविष्य निर्वाह निधीचा यूएएन नंबर चालू आहे का ते तपासा. सलग पाच वर्षं भरायच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. नऊ वर्षं झाली असतील तर रक्कम काढून मोकळं होऊ नका, पुढच्या नोकरीत खातं जोडा आणि दहा पूर्ण करा. क्लबने व्यावसायिक मानधन म्हणून पैसे दिले असतील तर त्यातून दहा टक्के टीडीएस (आधीच कापलेला कर) गेलेला असतो. विवरणपत्र भरलं तर त्यातला काही भाग परत मिळू शकतो. फॉर्म २६एएस मध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात) कापलेली रक्कम दिसत नसेल तर क्लबने ती बहुधा भरलेली नाही, लगेच लेखी विचारा.

पगार थकला असेल तर तोंडी आश्वासनावर मोसम घालवू नका. फिफाच्या नियमांत दोन महिन्यांचा पगार थकला की क्लबला लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत द्यायची तरतूद आहे. देशातल्या वादासाठी महासंघाच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीकडे अर्ज जातो, आणि मदतीला भारतीय फुटबॉल खेळाडूंची संघटना एफपीएआय आहे. फिफाच्या यंत्रणेत दाव्याला दोन वर्षांची मुदत असते. मैत्री राखण्यासाठी थांबलेले बरेच खेळाडू ती गमावतात.

संध्याकाळी चार ते सात

आधी वेळापत्रकाबद्दल जे म्हटलं ते या तीन तासांत सर्वांत जास्त जाणवतं. शरीराला पंधरा वर्षांची सवय आहे: चार वाजता पाय शिवशिवतात, बॅग भरावीशी वाटते. त्या वेळेत माणूस घरी दहा बाय बाराच्या खोलीत बसला तर ती अस्वस्थता टीव्हीवर, मुलांवर किंवा बायकोवर उतरते. तिची ही वेळ इतकी वर्षं तिच्या पद्धतीने चाललेली असते. तिथे अचानक एक मोठा माणूस येऊन बसतो, हे तिलाही जड जातं, आणि ते आपण बोलून घ्यायला हवं.

म्हणून पहिले सहा महिने या तीन तासांना आठवड्यातले निदान चार दिवस बाहेरचं ठरलेलं काम असू द्या. दोन दिवस व्यायाम, एक दिवस मुलांना शिकवणं, एक दिवस क्लास किंवा टायपिंग. वेळ लिहून भिंतीला लावा. जुन्या टीमच्या प्रॅक्टिसला पहिले दोन-तीन महिने जाऊ नका. काठावर बसून दुसऱ्याला आपल्या जागेवर बघणं त्या काळात फार लागतं. त्याऐवजी जुन्या सहकाऱ्यांना महिन्यातून दोनदा ठरवून भेटा, चहाला, दारूच्या टेबलावर नको. फोन कमी होतील. त्याचा अर्थ लोक विसरले असा काढू नका, त्यांचं वेळापत्रक अजून क्लबच्या शिट्टीवर चालतंय.

सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण नको, कशात रस नाही, किंवा पिण्याची वेळ रात्री नऊवरून सातवर आली, असं झालं तर ते आळस म्हणून सोडू नका. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पुन्हा खेळायचं झालं तर

सहा महिन्यांनी व्हेटरन्सचा सामना खेळायला हरकत नाही, वरची खुर्चीची तपासणी दोन्ही पायांनी जमत असेल तर. फिफाचा ११+ हा वीस मिनिटांचा वॉर्मअप आठवड्यातून दोनदा करा. तो नियमित करणाऱ्यांच्या दुखापती तिसऱ्या हिश्श्याने तरी कमी होतात, असं अभ्यास सांगतात. कृत्रिम टर्फवर लांब, पात्यासारख्या स्टडचे बूट नकोत. स्टड गवतात रुततो, शरीर वळतं आणि पाय तिथेच राहतो. बारीक रबरी स्टडचे टर्फ बूट घ्या. पावसाळ्यात चिखलाच्या मैदानावर मात्र तेच टर्फ बूट घसरतात, तिथे स्टडच हवेत.

पहिला सामना वीस मिनिटांच्या दोन हाफांचा ठेवा आणि पहिल्या हाफनंतर बाहेर या, कितीही बरं वाटत असलं तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून पहिली दहा पावलं टाकताना टाच, पोटरी आणि गुडघा काय सांगतात ते बघा. वाटीच्या आतल्या खोलगट भागावर हात फिरवा. पाणी नसेल तर पुढच्या रविवारी दोन्ही हाफ.